फोन कुठला घ्यावा? आधी नंबर कुणाचा ते ठरवा

(पनवेल येथे दहावी-बारावीनंतरच्या विद्यार्थ्यांसाठी आणि पालकांसाठी झालेल्या मार्गदर्शन मेळाव्यातील भाषण)



मला इथे बोलावताना विषय दिला होता, 'विद्यार्थ्याने मोबाइल किंवा टॅब कुठला घ्यावा'. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, म्हणून मोहल्ल्यात हा प्रश्न माझ्याकडेच येतो. "भाई, पंधरा हजारांत कुठला घेऊ?" त्याचं उत्तर मी देणार आहे. रॅम किती असावी, बॅटरी किती असावी, जुना फोन घेताना काय बघावं, सगळं सांगतो. पण त्याआधी एक प्रश्न मी तुम्हाला विचारणार आहे. तुमच्या ॲडमिशनच्या फॉर्मवर मोबाइल नंबर कुणाचा आहे?

हात वर करा. स्वतःचा किती जणांचा? ... मुलांमध्ये बरेच हात आहेत. मुलींमध्ये? ... ठीक आहे, खाली घ्या. बाकीच्यांचा अब्बांचा असेल, भावाचा असेल, आणि काही जणांचा सायबर कॅफेवाल्याचा असेल. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे की विद्यार्थ्याच्या हातातलं यंत्र निवडताना दुकानात पहिला प्रश्न कॅमेऱ्याचा नसतो. ते यंत्र, त्यातला नंबर आणि त्याचा पासवर्ड तुमच्या स्वतःच्या ताब्यात आहे का, हा पहिला प्रश्न आहे.

हातात मावणारं असं यंत्र ही काही आजची गोष्ट नाही. इथे बसलेल्या मोठ्या मंडळींना आठवत असेल, आपल्या कोकणातल्या घरांत नव्वदच्या दशकात आखातातून येणाऱ्यांच्या बॅगेत अत्तर, टॉर्च आणि कॅसिओची डिजिटल डायरी असायची. पाकिटासारखी उघडायची. फोन नंबर, तारखा, आठवणीच्या नोंदी ठेवायच्या. तिच्यात दोन प्रकारचे सेल असत, एक चालवण्याचा आणि एक मेमरी जपण्याचा. दोन्ही एकदम काढले की आतलं सगळं पुसलं जायचं. सगळ्या नातेवाइकांचे नंबर गेले! ज्यांच्या घरात कागदावर नंबर लिहिलेले होते ते वाचले. हा पहिला धडा लक्षात ठेवा, नोंद एकाच जागी ठेवायची नाही.

पुढे १९९६ मध्ये अमेरिकेत पायलट नावाचं यंत्र आलं. ते बनवणारा जेफ हॉकिन्स, त्याची एक गोष्ट आमच्या क्षेत्रात नेहमी सांगतात. यंत्र तयार होण्याआधी त्याने त्याच आकाराचा लाकडाचा तुकडा कापून खिशात ठेवला. कुणी भेटीची वेळ विचारली की तुकडा बाहेर काढायचा आणि त्यावर लिहिल्यासारखं करायचा. लोक बघत राहायचे. पण त्यातून त्याला कळलं की माणसाला दिवसभरात खरोखर काय लागतं: तारीख, पत्ता, करायच्या कामांची यादी, छोटी नोंद. बाकी त्याने टाकून दिलं. तुम्हीही हे करू शकता, फुकटात. फोन घ्यायच्या आधी एक आठवडा खिशात छोटी वही ठेवा. ज्या ज्या वेळी वाटेल की 'आत्ता फोन हवा होता', ते कशासाठी ते लिहा. आठवड्याने ती यादी वाचा. दुकानदार काय दाखवतो ते बघण्याआधी तुम्हाला काय लागतं ते तुमच्याकडे लिहिलेलं असेल.

तिसरं यंत्र आपल्याच देशातलं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांनी आणि काही इंजिनिअरांनी मिळून सिम्प्युटर बनवला. २००१ मध्ये तो लोकांना दाखवला आणि २००४ मध्ये बाजारात आला. गरीब माणसाला, न वाचता येणाऱ्यालाही वापरता यावा, भारतीय भाषांत चालावा ही कल्पना. तो फार विकला गेला नाही. पण त्यात एक गोष्ट मोठी हुशारीची होती. सगळ्यांना यंत्र परवडणार नाही, म्हणून गावात एक यंत्र आणि प्रत्येकाकडे आपापलं स्मार्ट कार्ड. माझं कार्ड घातलं की माझी माहिती, तुमचं घातलं की तुमची. यंत्र सगळ्यांचं असलं तरी माहिती ज्याची त्याची. ही कल्पना नीट लक्षात ठेवा, मी तिच्याकडे पुन्हा येणार आहे.

चौथं, आकाश टॅबलेट. ५ ऑक्टोबर २०११ ला दिल्लीत कपिल सिब्बल यांनी त्याचं उद्घाटन केलं. सरकारला तो साधारण २,२७६ रुपयांना पडत होता आणि विद्यार्थ्यांना त्याहून कमी किमतीत द्यायचा होता. पण आत २५६ एमबी रॅम आणि बोटाने जोर देऊन दाबावा लागणारा पडदा होता. बॅटरी कमी चालायची. पहिल्याच तुकडीवर तक्रारी आल्या. म्हणजे नुसतं स्वस्त असून भागत नाही. जे रोज वापरलं जात नाही, ते कितीही कमी किमतीला घेतलं तरी महागच.

आता आजकडे येऊ.

आज या यंत्रावर तुमचं किती अवलंबून आहे ते मोजा. अकरावीचा प्रवेश ऑनलाइन. आपल्या मुंबई महानगर क्षेत्रात आधीपासून होता, २०२५-२६ पासून राज्यभर झाला. त्यात पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं आणि मुदतीत प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून तुम्ही बाहेर. इंजिनिअरिंग, फार्मसी, सगळं सीईटी सेलच्या संकेतस्थळावरून. शिष्यवृत्ती महाडीबीटीवर. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर 'आपले सरकार'वर. इथे नवीन पनवेलला अंजुमन-इ-इस्लामचं काळसेकर टेक्निकल कॅम्पस आहे, अभियांत्रिकी, फार्मसी, आर्किटेक्चर तिन्ही शिकवतात. घरापासून रिक्षाच्या अंतरावर. पण त्या दारापर्यंत जाणारा रस्ता आता मोबाइलवर येणाऱ्या सहा आकडी ओटीपीमधून जातो.

आणि तो ओटीपी जातो कुठे? मी मघाशी विचारलं ते यासाठी. प्रवेशाच्या दिवसांत मुलंमुली फॉर्म घेऊन माझ्याकडे येतात. एक मुलगी आली होती, बारावी सायन्स, मार्क चांगले. पसंतीक्रम बदलायचा होता, शेवटचा दिवस. लॉगिनचा पासवर्ड तिला माहीत नव्हता. 'पासवर्ड विसरलात' दाबलं तर ओटीपी एका अनोळखी नंबरवर गेला. तो नंबर फॉर्म भरून देणाऱ्या दुकानातल्या पोऱ्याचा होता आणि पोऱ्या गावी गेला होता. ईमेलही त्यानेच बनवलेला. मुलीची गुणपत्रिका, फोटो, सही, आधार, सगळं त्या खात्यात, आणि त्या खात्याची किल्ली तिच्याकडे नाही. संध्याकाळपर्यंत फोनाफोनी करून तो सापडला, काम झालं. पण सापडला नसता तर? त्या मुलीकडे फोन नव्हता असं नाही. घरात तीन फोन होते. त्यातला एकही तिच्या फॉर्मवर नव्हता.

दुकानवाल्यांना मी दोष देत नाही. तेही दिवसाला पन्नास फॉर्म भरतात. पण तुम्ही त्यांच्याकडे गेलात तरी नंबर तुमचा, ईमेल तुमचा, पासवर्ड तुम्ही स्वतः टाइप केलेला, एवढं सांगा. सांगायला लाजू नका.

आता 'नंबर माझा' म्हणजे काय, ते नीट समजून घ्या. अठरा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय सिम तुमच्या नावावर मिळत नाही. तोपर्यंत ते अम्मी किंवा अब्बांच्या नावावर राहील, हरकत नाही. पण ते तुमच्यासाठी राखलेलं असावं, आणि अठरा झाल्यावर आपल्या नावावर करून घ्यावं. दुसरं, स्वस्त रिचार्जच्या नादात नंबर बदलू नका. कंपनी बदलायची असेल तर २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, १९०० वर 'पोर्ट' असा मेसेज पाठवून. बंद पडलेला नंबर काही काळाने कंपनी दुसऱ्याला देते. मग तुमच्या शिष्यवृत्तीचा ओटीपी नाशिकच्या एखाद्या काकांना जातो आणि काकांना कळत नाही हे काय आहे. तिसरं, तोच नंबर आधारला जोडा, बँकेच्या खात्याला जोडा. महाडीबीटीचे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. घरात दोन-तीन खाती असतील तर कुठलं जोडलेलं आहे ते आधी बघा, नाहीतर पैसे जमा होऊनही आपण विचारत फिरतो की पैसे आले का नाही.

याच्या जोडीला नावाचं स्पेलिंग. हसू नका, आपल्यात हा फार मोठा प्रश्न आहे. शेख हे आडनाव इंग्रजीत घरातले चार जण चार तऱ्हेने लिहितात. कुठे 'ई-आय', कुठे 'ए-आय'. मोहम्मदचं तर विचारूच नका, पूर्ण लिहिणारे, 'एमडी' लिहिणारे, एक 'एम' लिहिणारे. माणसाला कळतं की तो हाच मुलगा. संगणक अक्षराला अक्षर लावून बघतो, एक अक्षर वेगळं की त्याच्या दृष्टीने माणूस वेगळा. डिजिलॉकरमध्ये आधारवरचं नाव आणि गुणपत्रिकेवरचं नाव जुळलं नाही की कागद येत नाही. तांबोळी, बागवान, अत्तार, मोमीन, पिंजारी अशा ओबीसी यादीतल्या समाजाच्या मुलांना तर जातीच्या दाखल्यावर आणि पडताळणीत हीच अडचण येते. म्हणून दहावीच्या प्रमाणपत्रावरचं स्पेलिंग हे मूळ धरा आणि बाकी सगळं त्याला जुळवा. जून महिन्यात नाही, आत्ता. रांग नसताना.

आता पालकांशी थोडं बोलतो, आणि मुलींच्या बाबतीत बोलतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, म्हणजे २०१९-२१ च्या, एक प्रश्न होता: स्वतः वापरत असलेला मोबाइल तुमच्याकडे आहे का? देशातल्या साधारण ५४ टक्के बायकांनी हो म्हटलं. म्हणजे जवळजवळ अर्ध्या जणींकडे नव्हता. घरात फोन होता, पण तो मागून घ्यायचा. ज्या मुलीला फोन मागून घ्यावा लागतो, तिचा फॉर्म भाऊ कामावरून घरी आल्यावर भरला जातो. मुदत दुपारी पाचची असेल तर?

पालकांची भीती मला कळते. ती खोटी नाही. २०२१ च्या जुलैमध्ये आणि नंतर २०२२ च्या १ जानेवारीला, मुस्लिम महिलांचे फोटो लावून त्यांचा 'लिलाव' मांडणारी दोन ॲप्स निघाली. किती घरांत त्या दिवशी मुलींचे फोटो काढून टाकायला सांगितले असतील! पण त्यात कुणाला लक्ष्य केलं होतं ते बघा. पत्रकार, वकील, कार्यकर्त्या, बोलणाऱ्या बायका. त्यांनी फोन वापरला हे कारण नव्हतं, त्यांनी तोंड उघडलं हे कारण होतं. आणि दुसऱ्या वेळी मुंबई पोलिसांच्या सायबर विभागाने काही दिवसांतच आरोपींना पकडलं, कारण बायका पुढे आल्या आणि तक्रार दिली. ज्यांना तक्रार कुठे करायची हे माहीत होतं त्यांच्यामुळे बाकीच्यांचं रक्षण झालं. फोन काढून घेऊन मुलगी सुरक्षित होत नाही, तिला फक्त माहिती उशिरा मिळते. त्यापेक्षा तिला १९३० हा सायबर गुन्ह्यांच्या मदतीचा नंबर पाठ करून द्या. आणि काही झालं तर ती पहिल्यांदा तुमच्याकडे येईल असं घर ठेवा. फोन हिसकावून घेतला जाईल ही भीती असेल तर ती तुम्हाला शेवटी सांगेल.

आणखी एक. फोनला लॉक लावला म्हणून मुलगा किंवा मुलगी बिघडली असं धरू नका. त्या फोनमध्ये बँक आहे, आधार आहे, शिष्यवृत्ती आहे. कपाटाला कुलूप लावतो तसंच ते. वाचा, शिका, हे आपल्या दीनचं पहिलं सांगणं आहे हे आपण प्रत्येक जलशात ऐकतो. आज वाचण्याचं साधन हे आहे.

पण प्रत्येक घरात प्रत्येकाला वेगळा फोन परवडेलच असं नाही, हेही मला माहीत आहे. तिथे तो सिम्प्युटरवाला विचार कामाला येतो. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर आणि टॅबवर सेटिंग्जमध्ये 'युजर्स' असा पर्याय असतो. तिथे प्रत्येकाचं वेगळं खातं बनवता येतं. माझं उघडलं की माझे फोटो, माझे ॲप, माझा ईमेल. धाकट्या भावाचं उघडलं की त्याचे गेम. काही कंपन्या हा पर्याय काढून टाकतात, काही 'सेकंड स्पेस' अशा नावाने देतात. एकच फोन दोघातिघांत वापरायचा असेल तर दुकानात उभं राहून हा पर्याय आहे का ते आधी बघा. कॅमेरा नंतर बघा.

चला, आता खरेदी. भराभर सांगतो, लिहून घ्या.

रॅम आणि साठवण. आज विद्यार्थ्याला ६ जीबी रॅम आणि १२८ जीबी साठवण पुरते. खोक्यावर '८ + ८' असं लिहिलेलं दिसलं की भुलू नका. त्यातली दुसरी ८ ही खरी रॅम नाही, साठवणीतलाच तुकडा रॅम म्हणून वापरतात. तो खूप हळू असतो. पहिला आकडा बघा, दुसरा विसरा.

अपडेट. हे कुणी विचारत नाही आणि हेच सगळ्यात महत्त्वाचं. सिक्युरिटी अपडेट किती वर्षं मिळणार ते विचारा. फोन तीन-चार वर्षं, म्हणजे पदवी होईपर्यंत चालवायचा आहे. अपडेट बंद झालेल्या फोनवर बँकेचं ॲप चालवणं म्हणजे कडी नसलेल्या दाराच्या घरात झोपणं. बंद व्हायला आलेलं मॉडेल सवलतीत मिळतं, ते यासाठीच.

बॅटरी आणि चार्जिंग. पनवेलहून सीएसएमटीला जायला लोकलने सव्वा तासाच्या वर लागतो. जाऊन-येऊन आणि कॉलेज धरून दहा-बारा तास घराबाहेर. ५,००० एमएएचची बॅटरी हल्ली कमी किमतीतही मिळते, त्याखाली जाऊ नका.

कॅमेरा. १०८ मेगापिक्सेल नको. दुकानात खिशातलं कुठलंही बारीक अक्षराचं बिल टेबलावर ठेवा, फोटो काढा, मोठा करून वाचा. अक्षर स्वच्छ वाचता आलं तर तुमचा कॅमेरा पुरेसा आहे. तुम्हाला दाखले स्कॅन करायचे आहेत.

भाषा. उर्दू माध्यमातून आलेल्यांनी उर्दू, मराठी आणि इंग्रजी असे तिन्ही कीबोर्ड लावून घ्यावेत. दाखले मराठीत असतात, फॉर्म इंग्रजीत, आणि घरच्यांना समजावून सांगायचं आपल्या भाषेत.

टॅब की फोन? पीडीएफ वाचायला टॅब बरा, डोळ्यांना बरा. पण खिशात मावत नाही, आणि सगळ्या टॅबमध्ये सिम बसत नाही. पहिलं आणि एकुलतं एक यंत्र असेल तर फोन. आणि ज्यांना इंजिनिअरिंगला जायचंय त्यांनी सगळे पैसे बारावीत फोनवर घालवू नका, पुढे लॅपटॉप लागणार आहे. प्रोग्रॅमिंग फोनवर शिकता येत नाही, कुणी काहीही सांगो.

जुना फोन घेताय? जरूर घ्या, त्यात कमीपणा नाही. फक्त डायलरवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबा. पंधरा आकडी आयएमईआय नंबर येईल. १४४२२ वर 'केवायएम' इंग्रजीत लिहून, जागा सोडून तो नंबर पाठवा. सरकारच्या संचार साथीवरही तपासता येतं. फोन चोरीचा म्हणून ब्लॉक केलेला असेल तर कळतं. बिलाशिवाय घेऊ नका आणि बिलावर आयएमईआय लिहून घ्या. तोच नंबर घरी कागदावरही लिहून ठेवा. गाडीत फोन गेला तर फोन ब्लॉक करायला तोच लागतो.

हप्ते. 'नो कॉस्ट ईएमआय' म्हणजे कुणीतरी फुकट पैसे देतंय असं नसतं. रोख घेतलं असतं तर मिळाली असती ती सवलत त्यात गेलेली असते, वर प्रोसेसिंग फी. ज्यांना व्याज टाळायचं आहे त्यांनी हे नीट विचारून घ्यावं. आणि दोन मिनिटांत कर्ज देणाऱ्या ॲपच्या जवळही जाऊ नका. ती तुमच्या फोनमधले सगळे नंबर उचलतात आणि हप्ता चुकला की नातेवाइकांना फोन करून इज्जत काढतात. फोनसाठी कर्ज काढायची वेळ आली तर दोन हजार कमी किमतीचा फोन घ्या.

फोन घेऊन झाला. आता त्याची डायरी कशी करायची? कारण व्हॉट्सॲपवर दिवसभर असणं म्हणजे जोडलेलं असणं नव्हे. दोनशे मेसेजच्या ग्रुपमध्ये कॉलेजची नोटीस कुठे गेली ते कळत नाही.

कॅलेंडर उघडा. प्रत्येक मुदतीची नोंद करा आणि तीन आठवणी लावा: पंधरा दिवस आधी, तीन दिवस आधी आणि आदल्या दिवशी सकाळी. पंधरा दिवस यासाठी की तहसील कार्यालयातून दाखला यायला वेळ लागतो. शेवटच्या दिवसाची आठवण त्या कामात काहीच उपयोगाची नाही. नोंदीत नुसतं 'शिष्यवृत्ती' लिहू नका. 'उत्पन्नाचा दाखला काढणे' लिहा. जे करायचं आहे ते लिहा.

डिजिलॉकर उघडा. २०१५ पासून आहे. त्यात बोर्डाकडून थेट आलेली गुणपत्रिका कायद्याने मूळ कागदाइतकीच धरली जाते. आपण फोटो काढून चढवलेली नाही, हा फरक लक्षात घ्या. आणि सगळ्या कागदांचा एक झेरॉक्स संच घरात प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. त्या डिजिटल डायरीचे सेल आठवा.

ग्रुपवर आलेल्या योजनेच्या मेसेजवर विश्वास ठेवण्याआधी मूळ संकेतस्थळ बघा. २०२२ मध्ये केंद्राने पहिली ते आठवीच्या अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची प्री-मॅट्रिक शिष्यवृत्ती थांबवली, त्याच वर्षी मौलाना आझाद फेलोशिपही बंद झाली. असं काही बदललं तरी जुने मेसेज फिरतच राहतात. उलट, उच्च शिक्षणाला असलेल्या अल्पसंख्याकांसाठीच्या राज्य शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर असतो, तो बऱ्याच जणांना माहीत नसतो. महिन्यातून एक रविवार ठरवा आणि स्वतः लॉगिन करून बघा.

शेवटचं. हे सगळं एकेकट्याने करायची गोष्ट नाही. आपल्या मोहल्ल्यात नमाजाची, लग्नाची, मयताची व्यवस्था आपण एकत्र येऊन करतो. मग जून-जुलैत पंधरा दिवस एक टेबल का मांडू नये? पटेल मोहल्ल्यात एक, तळोज्यात एक. दोन शिकलेली मुलं, दोन मुली, एक लॅपटॉप, एक स्कॅनर. नियम एकच: फॉर्म विद्यार्थ्याच्याच नंबरवर आणि ईमेलवर भरायचा, पासवर्ड विद्यार्थ्यानेच टाइप करायचा, आपण नुसतं शेजारी बसायचं. आणि घरोघरी कपाटात पडलेले जुने फोन गोळा करा. त्यातले चालणारे निवडा, पूर्ण पुसून घ्या, बॅटरी बदला आणि ज्यांच्याकडे नाही अशा दहावीच्या मुलींना द्या. बैतुलमालमधून बॅटरीचे पैसे देता येतील, ते काही हजारांच्या वर जाणार नाहीत. मी दर शनिवारी संध्याकाळी दोन तास बसायला तयार आहे. आणखी चार इंजिनिअर या सभागृहात नक्की आहेत, त्यांनी नंतर मला भेटावं.

आज घरी गेल्यावर चार गोष्टी तपासा. फॉर्मवरचा नंबर माझा आहे का? ईमेलचा पासवर्ड मला पाठ आहे का? आधार आणि दहावीच्या नावातलं स्पेलिंग एकच आहे का? माझं बँक खातं आधारला जोडलेलं आहे का? चारही 'हो' असतील तर घरात आहे तो फोनही सध्या चालेल. एकही 'नाही' असेल, तर नवा फोन घ्यायच्या आधी ते काम करा.

आता प्रश्न विचारा. कॅमेऱ्याचे सोडून.